सरकारी लॉटरीचा रोजचा आकडा आणि निवृत्तीनंतरचे व्याज

सांगलीच्या विश्रामबागेतून एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ६६ असून निवृत्तिवेतन नियमित आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये आणि एका पतसंस्थेत ४ लाखांची ठेव आहे. गेल्या उन्हाळ्यात ते मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. तेथील राज्य लॉटरीच्या ‘पिक-३’ या रोजच्या खेळात त्यांनी पाच आठवडे दररोज एक डॉलर लावला आणि मुलाच्या घराच्या क्रमांकावर एकदा ४६२ डॉलर जिंकले. आता मुलाने आपल्या वतीने दुपारच्या आणि रात्रीच्या सोडतीला एकेक असे रोज दोन डॉलर लावावेत आणि तो खर्च आपण बचत योजनेच्या व्याजातून द्यावा, असा त्यांचा बेत आहे. पाच आठवड्यांतील सर्व सोडतींचे आकडे त्यांनी वहीत उतरवले असून जे आकडे अद्याप आलेले नाहीत, त्यांवरच पैसे लावण्याचा विचार आहे. बक्षीस पाचशेऐवजी ४६२ डॉलरच का मिळाले आणि यापेक्षा महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट बरे का, हेही त्यांनी विचारले आहे.

आदरणीय सर,

आपल्या पत्रातील एक वाक्य मी आधी घेतो, कारण बाकीचा सगळा बेत त्यावर उभा आहे: “हा मटका नव्हे, सरकारी खेळ आहे.” वाक्य खरे आहे. सरकार पाठीशी असल्यामुळे सोडत प्रामाणिकपणे होईल आणि जिंकलेली रक्कम हाती पडेल, एवढा भरवसा आपण ठेवू शकतो. मात्र लावलेल्या पैशाचे मोल रास्त मिळते की नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो वेगळा तपासावा लागतो, आणि तपासल्यावर उत्तर आपल्या बेताच्या विरुद्ध जाते.

खेळाची रचना आपण पाहिलीच आहे. शून्य ते नऊ यांपैकी एकेक अंक तीन स्थानी निघतो, म्हणजे ००० पासून ९९९ पर्यंत एक हजार आकडे होतात आणि प्रत्येकाची शक्यता सारखी असते. तिन्ही अंक त्याच क्रमाने जुळावे लागतात तो ‘स्ट्रेट’ प्रकार; त्यात संधी हजारात एक. ‘बॉक्स’ प्रकारात क्रम मागेपुढे झाला तरी चालतो, त्यामुळे तिन्ही अंक वेगळे असतील तर हजारात सहा आणि दोन अंक सारखे असतील तर हजारात तीन अशी संधी मिळते. केवळ दोन अंक जुळवायच्या ‘पेअर’ प्रकारात ती शंभरात एक असते. संधी जेवढ्या पटीने वाढते, साधारण तेवढ्याच पटीने बक्षीस उतरते. म्हणून प्रकार बदलून हिशेब सुधारत नाही.

आता ४६२ डॉलरविषयी. अमेरिकेतील अनेक राज्ये या खेळात एका डॉलरला ५०० डॉलर हे स्ट्रेटचे बक्षीस ठरवून ठेवतात. न्यू जर्सीची पद्धत निराळी आहे. तेथे त्या सोडतीच्या विक्रीतील साधारण निम्मी रक्कम बक्षिसांसाठी बाजूला काढली जाते आणि ती विजेत्यांत वाटली जाते. एखादा आकडा लावणारे पुष्कळ असतील, तर तो आल्यावर प्रत्येकाचा वाटा कमी होतो. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला आकडा आला, तर वाटा मोठा होतो. ७७७ किंवा १२३ असे आकडे आणि जन्मतारखा लोक हौसेने लावतात, म्हणून त्यांवर बहुधा कमी रक्कम मिळते. आपला आकडाही त्या दिवशी आणखी काही जणांनी लावलेला असणार. अप्रिय आकडा निवडल्यास जिंकल्यावरची रक्कम थोडी वाढू शकते, परंतु जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

विक्रीतील निम्मी रक्कमच बक्षिसांत परत येते, याचा अर्थ लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ५० सेंटच परत मिळतात. आपल्या मार्केट यार्डात एखाद्या अडत्याने हळदीच्या शंभर रुपयांच्या सौद्यावर पन्नास रुपये अडत कापली, तर त्याच्या तराजूवर सरकारी शिक्का आहे म्हणून कोणी शेतकरी त्याच्याकडे पुन्हा माल घालणार नाही. येथे मटक्याशी तुलना आपणच काढली आहे, म्हणून एक अवघड गोष्ट सांगतो. मटका मुळात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर खेळला जात असे. त्यात जोडीची, म्हणजे दोन अंकांच्या आकड्याची, संधी शंभरात एक असते आणि प्रचलित भाव नव्वद पट आहे; म्हणजे चालवणारा शंभरातले सुमारे दहा ठेवतो, तर न्यू जर्सीचे राज्य पन्नास. यावरून मटका बरा, असा अर्थ कृपया काढू नये. तो गुन्हा आहे आणि मोठी रक्कम लागल्यावर ती मिळेलच याला कोणी जामीन नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की कायदेशीरपणा आणि परतावा यांचा एकमेकांशी संबंध नाही. अमेरिकेतही न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांत तीन अंकांचा बेकायदा खेळ अनेक दशके चालत होता. मे १९७५ मध्ये न्यू जर्सीने त्याच धर्तीवर आपला सरकारी रोजचा खेळ सुरू केला.

प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. या खेळाच्या इतिहासातील प्रसिद्ध लबाडी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २४ एप्रिल १९८० रोजी झाली. चार आणि सहा हे अंक सोडून इतर चेंडूंमध्ये रंग भरून ते जड करण्यात आले आणि ६६६ हा आकडा काढण्यात आला. चार आणि सहा यांच्या आठच जुळण्यांवर झालेली अवाजवी खरेदी नजरेत आली आणि प्रकरण उघडकीस येऊन दोषींना शिक्षा झाल्या. अशा देखरेखीमुळेच सोडत आपण निष्पक्ष मानू शकतो. गंमत अशी की सोडत जितकी निष्पक्ष, तितकी आपली वही निरुपयोगी.

वहीचा मुद्दा जरा सविस्तर पाहू, कारण त्यात आपण मन लावून काम केले आहे. पाच आठवड्यांत दिवसाला दोन याप्रमाणे ७० सोडती झाल्या. हजार आकड्यांपैकी किमान ९३० आकडे तेवढ्या काळात आलेले नसणार, हे वही न उघडताही सांगता येते. वर्षभर नोंद ठेवली तरी ७३० सोडतींनंतर सुमारे ४८० आकडे एकदाही आलेले नसतील. ‘न आलेला आकडा’ म्हणून आपण जो निवडाल, तो या मोठ्या ढिगातील एक असेल, आणि यंत्रातल्या चेंडूंना काल काय निघाले याची आठवण नसते. दहावीच्या वर्गाला आपण स्वतंत्र घटनांची संभाव्यता शिकवली असेल, तर याहून अधिक मी सांगण्याची गरज नाही.

आपला विजयही त्याच गणितात बसतो. रोज एक याप्रमाणे ३५ वेळा पैसे लावल्यावर एकदा तरी स्ट्रेट लागण्याची शक्यता शंभरात सुमारे साडेतीन असते. आपण त्या साडेतीनांत आलात, ३५ डॉलर घालून ४६२ मिळवलेत. त्याचा आनंद जरूर मानावा. परंतु पुढच्या पाच वर्षांचा अंदाज त्यावरून बांधता येणार नाही.

तो अंदाज आकड्यांत मांडतो आणि सरासरी बक्षीस ५०० डॉलर धरतो. रोजचे दोन डॉलर म्हणजे वर्षाचे ७३०; डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरला तर ६५,७०० रुपये, महिन्याला जवळजवळ ५,५००. वर्षअखेर एकदाही बक्षीस न लागण्याची शक्यता शंभरात ४८ आहे. एकदाच लागण्याची शक्यता ३५ आहे, पण त्यातही ७३० घालून ५०० मिळालेले असतात. उरलेल्या सुमारे १७ जणांना दोन किंवा अधिक वेळा लागते आणि ते वर्ष फायद्यात जाते. शेजारीपाजारी ज्यांची गोष्ट ऐकू येते ते हेच सतरा, आणि त्यांतलेही बहुतेक पुढच्या वर्षी खेळत राहतात. पाच वर्षे खेळल्यास खर्च ३,६५० डॉलर होतो. तो भरून निघण्यासाठी किमान आठ वेळा आकडा लागावा लागतो आणि त्याची शक्यता शंभरात जेमतेम तीन उरते. खेळ जितका लांबवाल तितकी नशिबाची जागा सरासरी घेते, आणि सरासरी पन्नास टक्के तोट्याची आहे. नेमके म्हणूनच ‘रोज, थोडे थोडे, नियमाने’ ही शिस्त, जी बचतीत आपला सर्वांत मोठा आधार ठरते, ती येथे आपल्याच विरुद्ध काम करते.

दुसरा अडसर कायद्याचा आहे, आणि आपला बेत खरे तर तेथेच अडतो. परकीय चलनाच्या चालू खाते व्यवहारांबाबतच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवण्यास मनाई आहे. मुलाला भेट म्हणून पैसे पाठवता येतात, परंतु हेतू तिकिटांचा असताना बँकेच्या अर्जावर ‘भेट’ लिहिणे म्हणजे खोटे निवेदन करणे होय. तसा सल्ला मी देणार नाही. याशिवाय भारतातील निवासी म्हणून परदेशातील लॉटरीचे उत्पन्नही आपल्याला येथे दाखवावे लागते. त्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून ३१.२ टक्के आकारणी होते. मूळ सवलतीची मर्यादा लागू होत नाही आणि हरलेल्या तिकिटांचा खर्च वजा करता येत नाही. डॉलरमागे येणारे सरासरी ५० सेंट या करानंतर ३४ वर येतात. मुलाने स्वतःच्या पैशाने खेळून जिंकलेली रक्कम आपल्याला भेट दिली, तर नातेवाइकाची भेट म्हणून तिच्यावर आपल्याला कर नाही. मात्र मग खेळ मुलाचा आणि तोटाही मुलाचा. त्याच्यावर गृहकर्ज असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा हा भार त्याच्या माथी टाकावा असे आपल्यालाही वाटणार नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिची रचना वेगळी असून तिकिटावर क्रमांक छापलेला असतो. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका अंकावरील बक्षिसे बंद केली आणि एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत काढण्याचे बंधन घातले. गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी मंगळ अशी वारागणिक नावे असलेली तिकिटे आपल्याला दिसतात ती या चौकटीत बसणारी आहेत. तिकीट घेण्यात बेकायदा काही नाही. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो, म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटातील सुमारे २ रुपये ८६ पैसे सोडतीपूर्वीच करात गेलेले असतात. मासिक बेत म्हणून मी हेही सुचवणार नाही.

न्यू जर्सीच्या लॉटरीबाबत एक माहिती आपल्याला रंजक वाटेल. तेथील सरकारने २०१७ मध्ये कायदा करून लॉटरीचे निव्वळ उत्पन्न ३० वर्षांसाठी शिक्षक, पोलीस आणि इतर सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीकडे वळवले. म्हणजे सांगलीच्या निवृत्त शिक्षकाच्या व्याजातून तेथील शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाला हातभार लागणार होता!

आता त्या व्याजाचे काय करावे? १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी आपल्याला दर तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला १०,२५०. लॉटरीचा बेत त्यातील निम्म्याहून अधिक भाग खाऊन टाकतो. रोजच्या खर्चाला निवृत्तिवेतन पुरते असे आपण म्हणता, म्हणून तेच ५,५०० रुपये टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत भरावेत. सध्याच्या ६.७ टक्के दराने ३ लाख ३० हजारांचे सुमारे ३ लाख ९२ हजार होतील. लॉटरीत तेवढेच पैसे घालून सरासरीने १ लाख ६५ हजारांच्या आसपास हाती येतात, तेही करापूर्वी. मुलाकडे जाण्याचा पुढचा विमानखर्च या ठेवीतून आरामात निघेल.

पतसंस्थेतील ४ लाखांची मला लॉटरीहून अधिक काळजी वाटते. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा ३० लाख असल्याने आपल्याला अजून १५ लाखांची जागा आहे. मुदत संपताच ही रक्कम तेथे वळवल्यास तिमाहीला ८,२०० रुपयांची भर पडेल. ठेवीच्या पावतीवरील मुदतीची तारीख आणि मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास होणारी कपात मला कळवावी, म्हणजे मुदत संपेपर्यंत थांबावे की आताच काढावी हे ठरवता येईल.

पुढच्या वेळी न्यू जर्सीला गेल्यावर दुकानात उभे राहून डॉलरभराचे तिकीट घेण्यास माझी हरकत नाही. ते पैसे फिरण्याच्या खर्चात लिहावेत, संपूर्ण मुक्कामासाठी २० डॉलरची मर्यादा आधीच ठरवावी आणि जिंकलेली रक्कम पुन्हा त्याच खेळात लावू नये. आपण येथे असताना मुलाने आपल्या नावाने खेळण्याची व्यवस्था मात्र सुरूच करू नये, आणि ती सुरू झाली असल्यास या आठवड्यातच त्याला थांबवण्यास सांगावे.