कर्जप्रस्तावाखाली सही तुझी असू दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा धरमपेठेत भेटलीस तेव्हा सांगितलेस की बँकेत स्केल तीन या अधिकारी श्रेणीची बढती मिळाली आहे, पण बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीला आहे, म्हणून बढती नाकारून इथेच झोनल ऑफिसच्या मनुष्यबळ विभागात राहावे असे घरात चालले आहे. त्याच बोलण्यात, कधीतरी बँकेचे प्रमुखपद गाठायचे आहे, असेही म्हणालीस. या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत.

कर्जाचे टेबल सोडू नकोस. बँक जगते ती दिलेले कर्ज व्याजासह परत येण्यावर. स्केल वाढतो तशी कर्जमंजुरीची मर्यादा वाढत जाते, आणि व्यवस्थापकीय संचालकासमोर येणारे कोट्यवधींचे प्रस्ताव वाचण्याची नजर लहान प्रस्तावांवरच घडते. अहेरीत तुझ्याकडे धानाचे पीककर्ज येईल, बचत गट येतील, राइस मिलचे कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या साठ्यावर दिलेले खेळते कर्ज, येईल. मिलमालकाने दिलेले साठ्याचे विवरण (स्टॉक स्टेटमेंट) आणि त्याच्या गोदामातली पोती यांचा मेळ तुला स्वतः जाऊन घालावा लागेल. मुदत कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते, हे तू जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेसाठी पाठ केले आहेस. त्याआधीच कर्जदाराच्या दारात उभे राहून वसुली करणे हे वेगळे शिक्षण आहे आणि ते झोनल ऑफिसात मिळत नाही.

अरुंधती भट्टाचार्य यांनीही मनुष्यबळ विभाग सांभाळला होता, हे तू मला ऐकवशील. सांभाळला, पण 1977 मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागून, बरीच वर्षे इतर कामे करून, उपव्यवस्थापकीय संचालक झाल्यावर. 2013 मध्ये त्या स्टेट बँकेच्या अध्यक्ष झाल्या. रंजना कुमार यांनी 2000 मध्ये तोट्यातली इंडियन बँक हाती घेतली, तेव्हा तिचे मुख्य दुखणे थकीत कर्जांचे होते. अशा वेळी प्रमुखाला कर्ज कळावेच लागते. पुन्हा सांगते, प्रस्तावाखाली सही तुझी असू दे.

मनुष्यबळ विभाग बायकांना सोयीचा असतो, असा सल्ला मलाही मिळाला होता. देणाऱ्या साहेबांनी स्वतःसाठी मात्र कर्जविभाग कधी सोडला नाही, एवढे लक्षात ठेव.

माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या शाखेत होते. नातेवाईक आजही ते काढतात, आणि त्या वर्षाची हळहळ मलाही आहे. पण त्याच्या वडिलांनी घर नीट सांभाळले, मुलगा शिकला, आणि त्या शाखेत दिलेली कर्जे मी माझ्या अंदाजावर दिली व बहुतेक वसूल केली. उपमहाव्यवस्थापक होऊन निवृत्त झाले ती त्या कामाच्या बळावर. त्यापुढे गेले नाही, याचे खापर मी अहेरीकडच्या वर्षांवर फोडू देणार नाही.

तू घाबरली आहेस, हे मला दिसते. घाबरूनही जाता येते. बढती स्वीकारल्याचे पत्र मुदतीत दे, सीएआयआयबी या त्यापुढच्या परीक्षेचे राहिलेले पेपर तिथूनच दे, आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात शाखेची सगळी थकीत खाती स्वतः वाच. सासूबाईंची अडचण असेल तर मी घरी येऊन बोलते. कोणता रविवार सोयीचा आहे, तेवढे कळव.

तुझी,
मावशी