वसईत छोटं डाय-कास्टिंग युनिट आहे. अ‍ॅल्युमिनियमचा भाव, अमेरिकेचं टॅरिफ आणि इलेक्ट्रिक गाड्या, यातलं नक्की काय पाहायचं?

तुम्ही लिहिलंय की वसईत तुमची प्रेशर डाय-कास्टिंगची (वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून पार्ट बनवण्याची) मशिनं आहेत, जास्त काम दुचाकीचं आहे, आणि मोठं मशिन घ्यावं का या विचारात आहात. शिवाय तीन शंका आहेत: भाव एवढा का उसळतो, अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफचा, म्हणजे आयातकराचा, फटका आपल्याला बसेल का, आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी काम जाईल की वाढेल. मी मुंबईच्या गुलालवाडीत नॉन-फेरस (लोखंड सोडून इतर) धातूंच्या व्यापारात आहे आणि माझं बरंचसं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे, वसई, भांडुप, तळोजा, अंबरनाथकडचं. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो. तुम्ही रोज सकाळी एलएमईचा (लंडन मेटल एक्स्चेंजचा) भाव पाहता, पण तो धातू तुमच्या भट्टीत जातच नाही. एलएमई आणि अंधेरीच्या एमसीएक्स या वायदेबाजारावर भाव निघतो तो प्रायमरी धातूचा, म्हणजे बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनापासून वीज खर्चून काढलेल्या शुद्ध धातूचा. तुम्ही ओतता ते एडीसी-१२, डाय-कास्टिंगचा नेहमीचा मिश्रधातू. त्यात साधारण ९.६ ते १२ टक्के सिलिकॉन, १.५ ते ३.५ टक्के तांबं, आणि लोहही बऱ्यापैकी चालतं. उलट थोडं लोह असलं की धातू डायला चिकटत नाही. म्हणूनच हा मिश्रधातू भंगारापासून बनतो. तुमचा भाव ठरतो टेन्स, ट्विच आणि झोर्बा हे भंगाराचे प्रकार किती रुपयांनी मिळतात आणि न्हावा शेवा बंदरात त्यांचे किती कंटेनर उतरतात यावर. एलएमई त्याला दिशा देते हे खरं, पण दोन्ही भाव एकाच वेळी आणि एकाच मापाने हलत नाहीत. एलएमई पडलेली असताना एडीसी-१२ तसूभरही न हललेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक भाव कमी करून मागतं. ‘एमसीएक्सवर हेज करा’ (वायदा घेऊन भावाची जोखीम कमी करा) असं कोणी सुचवलं तर हा फरक लक्षात ठेवा. तिथला लॉट ५ टनांचा आहे, मिनी १ टनाचा, पण धातू तुमचा नाही. चीनमध्ये शांघायच्या एक्स्चेंजने जून २०२५ मध्ये कास्ट अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा स्वतंत्र वायदा सुरू केला. आपल्याकडे तसं काही येईपर्यंत छोट्या ओतकामवाल्याला वायद्यात शिरायला मी सांगणार नाही.

प्रायमरीचा भाव का चढतो, ते थोडक्यात. जगातलं निम्म्याहून जास्त अ‍ॅल्युमिनियम चीन बनवतो आणि तिथल्या सरकारने उत्पादनक्षमतेवर वर्षाला सुमारे ४.५ कोटी टनांची मर्यादा घालून ठेवली आहे. चीन आता त्या मर्यादेला टेकलाय. बाकी जगात नवा स्मेल्टर (प्रायमरी धातू काढणारा कारखाना) उभारायचा तर स्वस्त वीज लागते, कारण एका टनाला तेरा-चौदा हजार युनिट वीज जाते. ती वीज डेटा सेंटरवालेही मागतायत. मोझांबिकमधल्या मोझालसारख्या मोठ्या स्मेल्टरची गाडी विजेच्या करारावरच अडली. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या सुरुवातीला एलएमई टनाला ४,००० डॉलरच्या वर गेली होती, तेव्हाही युरोपातली महाग वीज हे एक मोठं कारण होतं.

आता अमेरिका. तिथे २०१८ मध्ये अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के ड्युटी लागली, १२ मार्च २०२५ ला ती २५ टक्के झाली आणि ४ जून २०२५ ला ५० टक्के. तुमचा माल थेट अमेरिकेला जात नसेल, तरी तुम्ही ज्यांना पार्ट देता ते निर्यात करत असतील, तर त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, माल कोणत्या एचएस कोडखाली (कस्टमच्या वर्गीकरण क्रमांकाखाली) जातो? चारचाकी वाहनाचा सुटा भाग म्हणून ८७०८ खाली, की अ‍ॅल्युमिनियमची इतर वस्तू म्हणून ७६१६ खाली? २०२५ मध्ये वाहनांच्या ठरलेल्या सुट्या भागांवर वेगळी २५ टक्के ड्युटी आली आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची ड्युटी पुन्हा चढत नव्हती. म्हणजे कागदावरच्या कोडने ड्युटी दुप्पट किंवा निम्मी होत होती. दुसरा प्रश्न, धातू कोणत्या देशात वितळला आणि ओतला, याचा दाखला लागतो का? लागत असेल तर तुमच्या इनगॉटवाल्याकडून (धातूच्या लाद्या विकणाऱ्याकडून) आजपासून लॉटवार कागद घेऊन ठेवा, नंतर धावपळ करून मिळत नाहीत. हे नियम वर्षाच्या आत अनेकदा बदललेत, म्हणून माल चढवण्याआधी कस्टम ब्रोकरकडून त्या दिवशीचा नियम लेखी घ्यायला सांगा.

पण वसईत बसलेल्या माणसाला खरा फटका दुसऱ्या वाटेने बसतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या ५० टक्क्यांतून अमेरिकेने भंगार वगळलं. तिथे धातू महाग आणि भंगारावर ड्युटी नाही, मग तिथली कंपनी भंगार बाहेर कशाला जाऊ देईल? उलट शेजारच्या देशांतूनही ओढून घेते. युरोपीय संघानेही आपलं भंगार बाहेर जातंय म्हणून २०२५ मध्ये निर्यातीवर लगाम घालायची तयारी सुरू केली. आपला देश वर्षाला पंधरा लाख टनांहून जास्त अ‍ॅल्युमिनियमचं भंगार आयात करतो. कुर्ल्याला गाड्या तुटतात, देशभर तुटतात, २०२१ मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढायचं स्क्रॅपेज धोरणही आलं, पण त्यातून निघणारा माल आपल्या भुकेला पुरत नाही. मग अमेरिकेतलं टॅरिफ तुमच्या इनगॉटच्या बिलात येऊन बसतं, तुम्ही एक नगही निर्यात केला नसला तरी.

आणि यावर आपण स्वतःच भंगारावर २.५ टक्के कस्टम ड्युटी लावतो. किलोला २०० रुपयांचं भंगार धरलं तर ५ रुपये, वर सरचार्ज. प्रायमरी धातूवर ७.५ टक्के आहे. मोठे उत्पादक म्हणतात की भंगारावरची ड्युटीही वाढवा, कारण हलक्या दर्जाचा माल देशात येतो. रिसायकलिंगवाल्यांची मागणी आहे की ती शून्य करा. मी व्यापारी असल्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे, पण नुसता स्वार्थ म्हणून बोलत नाही. भंगार वितळवायला प्रायमरीच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. प्रायमरी आपल्याकडे मुख्यतः कोळशाच्या विजेवर निघते. ज्या कच्च्या मालाची देशात टंचाई आहे, ज्यावर हजारो छोट्या भट्ट्या चालतात आणि ज्याने कोळसाही वाचतो, त्यावर कर लावणं मला अन्यायाचं वाटतं. दर्जाची काळजी असेल तर बंदरावर तपासणी कडक करा, त्याची किंमत ओतकामवाल्याकडून वसूल करू नका.

इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्तर ‘अ‍ॅल्युमिनियम वाढणार’ एवढ्यावर सोडणारे लोक तुमची दिशाभूल करतायत. गाडी हलकी करायची म्हणून जगभर अ‍ॅल्युमिनियम वाढतंय हे अगदी खरं. फोर्डने एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलला अ‍ॅल्युमिनियमची केली आणि गाडी ३०० किलोंहून जास्त हलकी झाली. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने २०१२ ची रेंज रोव्हर पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणली. आपल्या चाकणला हिंदाल्को महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई साठी बॅटरीची पेटी बनवते. पण हा धातू कोणत्या रूपातला आहे ते पाहा. बॉडीला लागतो रोल केलेला पत्रा. बॅटरीच्या पेटीत मुख्यतः एक्स्ट्रुजन (साच्याच्या तोंडातून दाबून काढलेल्या लांब पट्ट्या) आणि पत्रा जोडलेला असतो. तिथे वाढलेला प्रत्येक किलो तुमच्या डायमधून जाणार नाही.

तुमच्या दुचाकीत काय होतंय? क्रँककेस, क्लच कव्हर, मॅग्नेटो कव्हर, सिलिंडर ब्लॉक हे सगळं इंजिनाबरोबर जातं. हब, ब्रेक पॅनल, फोर्कचा खालचा भाग, फूटरेस्टचा ब्रॅकेट, ग्रॅब रेल राहतं. नवीन येतं ते मोटर हाउसिंग, कंट्रोलरचं कव्हर, चार्जरचा हीट सिंक. म्हणून आज एक काम करा: तुमचा प्रत्येक पार्ट या तीन खान्यांत टाका आणि महिन्याच्या वजनाने बेरीज करा. पहिला खाना निम्म्याच्या वर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खान्यातलं काम आत्तापासून मागायला लागा. घाबरून नव्हे. २०२५ मध्ये विकल्या गेलेल्या शंभर दुचाकींमध्ये इलेक्ट्रिक सहा-सातच होत्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा पेट्रोलच्या गाड्यांनाच झाला. बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीची मोटरसायकल काढली, तिलाही इंजिन आहेच. तुमच्या हातात काही वर्षं आहेत.

या सगळ्याहून मोठी गोष्ट तुमच्या खरेदीदाराबरोबरचा करार आहे. माझ्या ओळखीत जे युनिट बुडाले ते भाव चढल्यामुळे नाही, भाव चढला आणि गिऱ्हाइकाने तीन-चार महिने जुनाच दर दिला म्हणून. एका मोठ्या पार्ट कंपनीने आमच्या एका गिऱ्हाइकाला ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणत इतकं ताणलं की त्याचं खेळतं भांडवल इनगॉटमध्येच संपलं. तुम्ही नवीन ऑर्डर घेताना दर दोन भागांत मांडा: धातूचा वेगळा, कास्टिंगच्या मजुरीचा वेगळा. धातूचा भाग एडीसी-१२ च्या भावाला बांधा, एलएमईला नाही, आणि बदल तिमाहीऐवजी दरमहा मागा. मेल्टिंग लॉस (वितळताना होणारी घट) आणि रनर-ओव्हरफ्लो (पार्टला चिकटून येणारा जादा धातू) परत वितळवायचा खर्च मजुरीत स्पष्ट लिहा, नाहीतर तो तुमच्या नफ्यातून जातो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर या आठवड्यात करा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असतानाही ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय आयकरात वजा करता येत नाही. २०२४ पासून या एका नियमाने भल्याभल्यांचे अकाउंट्सवाले फोन उचलायला लागलेत.

युरोपच्या कार्बन कराबद्दल (माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर आयातीला लागणारा कर) तुम्ही विचारलं नाही, तरी एक ओळ: १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झालाय, त्यामुळे तुमचा खरेदीदार युरोपला अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तू पाठवत असेल तर भंगारापासून बनलेल्या धातूचा कागद हा तुमचा फायदा आहे, तो मागायच्या आधी द्या.

राहिलं मोठं मशिन. मोटर हाउसिंगसाठी जास्त टनेजचं (डाय दाबून धरायची ताकद जास्त असलेलं) मशिन लागतं हे बरोबर, पण फक्त मशिनने ते काम मिळत नाही. हाउसिंगला लीक टेस्ट असते, पोरोसिटी (आतली बारीक छिद्रं) चालत नाही, मशिनिंग घरात असलं तर बरं, आणि स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) नसेल तर मोठी कंपनी ऑडिटलाच परत पाठवते. मी तुमच्या जागी असतो तर आधी वापरलेला का होईना स्पेक्ट्रोमीटर घेतला असता, चालू मशिनवर कंट्रोलर कव्हर आणि हीट सिंकसारखे छोटे पार्ट ओतून एका इलेक्ट्रिक कंपनीचं व्हेंडर अप्रूव्हल मिळवलं असतं, आणि मोठ्या मशिनचं कर्ज डायच्या पैशांसकट लेखी ऑर्डर हातात आल्यावरच काढलं असतं.