वाचकांचे प्रश्न : चार स्लॉट भरले आणि संगणक रुसला

प्रश्न : मी कोल्हापुरात इमारतींची थ्रीडी चित्रे तयार करून देण्याचा व्यवसाय करतो. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी ६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर ५-६००० सीएल ३६ प्रकारच्या, प्रत्येकी १६ जीबीच्या दोन रॅम स्टिक असा माझा संगणक वर्षभर विनातक्रार चालला. काम वाढल्यामुळे त्याच कंपनीच्या आणि त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक घेऊन चारही स्लॉट भरले. तेव्हापासून संगणक कधी सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो आणि बोर्डावरचा पिवळा दिवा जळत राहतो. कधी सुरू होतो, पण रेंडर (थ्रीडी दृश्याचे अंतिम चित्र बनवण्याचे काम) चालू असताना निळा पडदा येऊन 'मेमरी मॅनेजमेंट' अशी सूचना दिसते. ग्राहकांनी पाठवलेल्या झिप फायलीही आता मध्येच 'सदोष' म्हणून उघडेनाशा झाल्या आहेत. विंडोज नव्याने टाकले, पॉवर सप्लाय बदलला, तरी फरक नाही. बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधील) एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद केली की मात्र सारे ३६०० च्या वेगाने सुरळीत चालते. दुकानदार म्हणतो, बोर्ड बदला. काय करावे?

उत्तर : बोर्डावर तूर्त एक रुपयाही खर्च करू नका. सर्वांत मोलाचे लक्षण आपण पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिले आहे. एक्स्पो बंद केल्यावर संगणक नीट चालतो, याचा अर्थ एखादी वस्तू बिघडलेली असण्यापेक्षा ज्या वेगाचा आग्रह धरला आहे तोच या जुळणीला पेलत नसण्याची शक्यता फार मोठी आहे. विंडोज पुन्हा टाकणे आणि पॉवर सप्लाय बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. शिवाय रॅम अस्थिर असताना विंडोज टाकल्यास त्याच्या फायलीही चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात, म्हणून रॅम स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत ते काम पुन्हा करू नका.

खोक्यावर छापलेला ६००० (म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा माहिती पाठवणे) हा आकडा रॅम बनवणाऱ्या कंपनीचा आहे, प्रोसेसरच्या कंपनीचा नाही, ही गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. आजच्या संगणकात मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, प्रोसेसरच्या आत असतो, आणि आपल्या रायझन ७००० मालिकेसाठी ती बनवणाऱ्या एएमडीची अधिकृत हमी दोन स्टिक असतील तर ५२०० पर्यंत आणि चार असतील तर ३६०० पर्यंतच आहे. एक्स्पो बंद केल्यावर आपल्याला दिसणारा ३६०० हा वेग त्यामुळेच योगायोगाचा नाही. एक्स्पो किंवा इंटेलच्या बाजूचे एक्सएमपी ही स्टिकवरील एका छोट्या चिपमध्ये साठवलेली तयार मांडणी असते. ती चालू केली की वेग वाढतो, सीएलसारखे (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते सांगणारे) आकडे बदलतात आणि व्होल्टेजही डीडीआर ५ च्या प्रमाणित १.१ वरून बहुधा १.३५ च्या आसपास जाते. थोडक्यात ते ओव्हरक्लॉकिंगच (प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) आहे, एका बटणावर आणून ठेवलेले. दोन स्टिकवर ते वर्षभर चालले, यात आपल्या प्रोसेसरचे कौतुक आहे.

चार स्टिकवर ते का अडते, हे समजून घेण्यासारखे आहे. ६००० च्या वेगाला एका तारेवरून जाणाऱ्या एका बिटला सुमारे १६७ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग) मिळतात, आणि तेवढ्या वेळात बोर्डावरील तांब्याच्या रेषेतून विद्युतसंकेत जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे प्रोसेसरपासून स्टिकपर्यंतच्या अंतरात एकामागून एक अनेक बिट एकाच वेळी वाटेत असतात. बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलचे (प्रोसेसर आणि रॅममधील एका स्वतंत्र मार्गाचे) दोन स्लॉट एकाच रेषेवर आधी एक आणि मग दुसरा असे जोडलेले असतात. दोन्ही भरले की रेषेवरचा भार वाढतो, संकेताचा काही भाग जोडाच्या जागी परत फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळून शून्य आणि एक यांतला फरक पुसट करतो. कंट्रोलरने बिट चुकीचा वाचला की निळा पडदा येतो. तो बिट फायलीच्या मजकुरातला असेल तर निळा पडदाही येत नाही, फक्त झिप उघडत नाही. डीडीआर ५ मध्ये चुका दुरुस्त करणारी यंत्रणा आहे असे आपण ऐकले असेल, पण साध्या स्टिकमधील ती यंत्रणा चिपच्या आत साठवलेल्या बिटांपुरती असते. तारेवर झालेल्या चुकीला तिचा काही उपयोग नाही.

दुसरे कारण स्टिकच्या जुळणीचे. एकाच पाकिटातून आलेल्या जोडीची चाचणी कंपनीने एकत्र घेतलेली असते. वर्षभरानंतर घेतलेल्या जोडीवर मॉडेल क्रमांक तोच असला, तरी आतल्या मेमरी चिप वेगळ्या कंपनीच्या किंवा वेगळ्या पिढीच्या असू शकतात.

आता तपासणी. पहिल्यांदा अस्थिरतेच्या काळात जतन केलेल्या महत्त्वाच्या फायली उघडून पाहा आणि शंका असेल तर ग्राहकांकडून मूळ प्रत पुन्हा मागवा. मग बायोस अद्ययावत करा, कारण डीडीआर ५ च्या बाबतीत बोर्डांच्या कंपन्यांनी केलेल्या सुधारणा बऱ्याच अंशी तिथेच येतात. अद्ययावत केल्यावर जुन्या सेटिंग पुसल्या जातात, हे ध्यानात असू द्या. एक्स्पो बंद ठेवूनच पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. या संथ वेगालाही चूक निघाली तर मात्र एखादी स्टिक किंवा स्लॉट खरोखर बिघडलेला असू शकतो, आणि मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून दोषी शोधता येईल. चूक निघाली नाही, तर नव्या स्टिक काढा आणि जुनी जोडी प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवून एक्स्पो चालू करा. स्लॉटचा हा क्रम महत्त्वाचा आहे. अलीकडचा स्लॉट भरून पलीकडचा रिकामा ठेवला, तर उरलेली रेषा लोंबकळत राहते आणि संकेत तिच्या टोकावर आपटून परत येतो. हीच परीक्षा नंतर नव्या जोडीची घ्या. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाल्या आणि चार एकत्र आल्या की नापास होत असतील, तर निदान झाले : दोष कोणातच नाही, जुळणीत आहे.

काळा पडदा आणि पिवळा दिवा पाहून घाबरू नका. स्टिक बदलल्यावर किंवा वेग बदलल्यावर बोर्ड प्रत्येक तारेसाठी योग्य वेळ आणि व्होल्टेज शोधत बसतो. याला ट्रेनिंग म्हणतात आणि चार स्टिक असतील तर त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. मध्येच बटण दाबून संगणक बंद केला की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर ट्रेनिंगचे जुने निकाल वापरले जातात आणि संगणक पटकन सुरू होतो, पण अस्थिरतेचा शोध घेत असताना तो बंद ठेवलेलाच बरा.

चारही स्टिक वापरायच्याच असतील तर एक्स्पोची मांडणी घेऊन वेग हाताने ४८०० वर आणा, रात्रभराची चाचणी घ्या आणि मगच ५२०० किंवा ५६०० कडे सरका. मेमटेस्टनंतर विंडोजमध्ये प्रत्यक्ष रेंडर लावूनही पाहा, कारण ग्राफिक्स कार्डाची उष्णता स्टिकपर्यंत पोहोचल्यावरच काही चुका बाहेर पडतात. चाचणीत एकच चूक निघाली तरी ती सेटिंग नापास समजा. इंटरनेटवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारे व्होल्टेज) वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. २०२३ मध्ये याच व्होल्टेजच्या अतिरेकाने काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि त्या मर्यादेच्या जवळ जाण्याचीही आपल्याला गरज नाही.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर चारही स्टिक विकून ३२ जीबीच्या दोन स्टिकची एकाच पाकिटातील ६००० ची जोडी घ्यावी. क्षमता तीच ६४ जीबी राहील आणि कंट्रोलरवरचा भार चार स्टिकपेक्षा हलका होईल. तोपर्यंत हातातली कामे ३६०० वर उरकण्यात काही कमीपणा नाही. मोठे दृश्य रॅममध्ये न मावता एसएसडीवर गेले की जो वेळ वाया जातो, त्यापुढे ३६०० आणि ६००० मधला फरक किरकोळ आहे.

प्रश्न : नाशिकहून एक वाचक विचारतात, 'मी ६००० ची रॅम घेतली, पण सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये तिचा वेग ३००० च दिसतो. माझी फसवणूक झाली का?'

उत्तर : नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, आणि सीपीयू-झेड ठोके मोजते, तर खोक्यावर पाठवण्यांचा आकडा छापलेला असतो. तिथे ३००० च्या जवळपासचा आकडा दिसत असेल तर रॅम पूर्ण वेगाने चालली आहे. २४०० च्या आसपास दिसला असता, तर ती ४८०० वर चालली आहे आणि बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करायचे राहिले आहे, असा अर्थ झाला असता. बायोस अद्ययावत केल्यानंतर तो आकडा पुन्हा एकदा पाहून घ्या.