दोन वर्षं रिकामी कुठे होती?

“मावशी, मी तासगावची. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. आईचं आजारपण निघालं, म्हणून नोकरी बघितलीच नाही. तेवढ्या काळात सांगलीत मामांच्या हळदीच्या अडत दुकानात बिनपगारी वह्या लिहिल्या. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून अकाउंट्स असिस्टंटच्या मुलाखतीला बोलावलंय. गॅपबद्दल विचारलं तर? दाजी म्हणतात, मित्राच्या फर्मचं अनुभवाचं पत्र आणून देतो. शिवाय इंग्रजी कच्चं आहे.”

पोरी, ते पत्र आधी नको म्हणून सांग. सांगली-मिरजेत अकाउंट्सवाले एकमेकांना ओळखतात, एक फोन लागला की संपलं. नाही लागला, तरी “तिथं तुझ्याकडे काय काम होतं?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. काय सांगशील?

त्यापेक्षा मामांच्या दुकानाचं सांग की! मला लिहिलेल्या पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस. सौदा झाल्यावर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, कोण करायचं? वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, आधी उचल घेतली असेल तर तीही वजा. खरेदीदाराचं बिल वेगळं. वाळवलेल्या हळदीवर 5 टक्के जीएसटी, ओल्या हळदीवर काही नाही, हे तुला तोंडपाठ असणार. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची, मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख आणि थ्रीबीची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, 20. त्याआधीची धावपळ तू बघितली असशील, तर तेही बोल. वही आणि बँकेच्या स्टेटमेंटचा मेळ बसत नव्हता आणि तू चूक शोधलीस, असा एखादा खरा प्रसंग आठवून ठेव. मात्र रिटर्न सीए भरत असतील, तर “मी भरायचे” म्हणू नकोस. बायोडेटात हे काम लिही, बिनपगारी होतं हेही सांग. मामांना विचारून त्यांचा नंबर दे.

आईच्या आजारपणाचं एका वाक्यात सांग. त्यांना खरी धास्ती असते ती तुझ्या रजांची, म्हणून आता घरी कोण बघतं तेही लगेच सांगून टाक.

कारखान्याची वही अडतीपेक्षा निराळी. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर), घसारा (यंत्रांची दरवर्षी घटणारी किंमत), बँक रिकन्सिलिएशन (वही-बँकेचा मेळ) उजळून जा, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर हात फिरव. कारखाना काय बनवतो तेवढं तरी माहीत हवं. (न बघता जाणारे कितीतरी असतात!)

इंग्रजीचं म्हणशील, तर ओळख इंग्रजीत चार वाक्यांत बसव आणि आरशापुढे नाही, माणसापुढे म्हण. पुढे अडलीस तर “मराठीत सांगू का?” असं सरळ विचार. डेबिट-क्रेडिट मराठीतही तेच राहतं.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नकोस, इस्त्रीचा साधा ड्रेस पुरे. एमआयडीसीत गेट शोधण्यातच वेळ जातो, तेव्हा एक एसटी आधीची धर. पगाराचा आकडा तिथेच कामाला असलेल्या कुणाला तरी विचारून जा. “तुम्ही द्याल ते” म्हणालीस, तर ते खरंच तेवढंच देतील.

— मावशी