टेस्ला मॉडेल एस परफॉर्मन्स आणि पोर्श टायकन टर्बो एस: हायवेवर खरी रेंज कोणाची जास्त?

या दोन इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, टेस्लाचीच जास्त, पण कागदावर दिसते तेवढी नाही. ताशी १२० किमीच्या स्थिर वेगात फरक जेमतेम वीसेक किलोमीटरचा उरतो. २०२० च्या मॉडेल्सचे अमेरिकी सरकारी (ईपीए) आकडे टेस्ला ५२५ किमी आणि टायकन ३०९ किमी असे होते. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने दोन्ही गाड्या ताशी ७५ मैलांनी, म्हणजे सुमारे १२० ने चालवल्या, तेव्हा टेस्ला साधारण ३५७ किमी गेली आणि टायकन ३३६. म्हणजे टेस्ला सरकारी आकड्याच्या बरीच खाली, तर टायकन चक्क वर!

कारण चाचणीच्या पद्धतीत आहे. ईपीएच्या एकत्रित आकड्यात ५५ टक्के वजन शहरातल्या चालवण्याला असतं. तिथे वेग कमी आणि ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत जाते. हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी जास्त. शिवाय ईपीएची चाचणी प्रयोगशाळेत होते, आणि तिथला आकडा जाहीर करण्याआधी किती कमी करायचा यात कंपनीला थोडी मोकळीक असते. पोर्शने तो जपून मांडला. म्हणून लांबच्या प्रवासासाठी गाडी निवडताना स्थिर वेगाची चाचणीच बघा, ही माझी कळकळीची विनंती.

एक लक्षात घ्या, हे आकडे जुन्या मॉडेल्सचे आहेत. २०२४ च्या सुधारित टायकनची रेंज बरीच वाढली आहे, आणि कडाक्याच्या थंडीत हीटर लावलात तर कोणत्याही गाडीची रेंज घटतेच.