येयेंची संत्री आणि आजीचं पान

प्रिय सोन्या,

परवा गाडीत तू विचारलंस, “येये तर दर रविवारी चर्चमध्ये जातात, मग आईवडिलांच्या फोटोपुढे संत्री आणि उदबत्ती का ठेवतात? आणि तू रोज देवाला नमस्कारसुद्धा करत नाहीस, मग आजीचं पान का वाढतेस?” सिग्नल सुटला आणि मी “घरी गेल्यावर सांगते” म्हणून विषय टाळला. आता सांगते. अडेल तिथे बाबाकडून वाचून घे.

आधी येयेंचं. तू त्यांना येये, म्हणजे आजोबा, म्हणतोस, पण त्यांच्या चिनी भाषेत तो शब्द फक्त वडिलांच्या वडिलांना. आईच्या वडिलांना वेगळा शब्द आहे. वडिलांच्या थोरल्या भावाला एक, धाकट्याला दुसरा. आपण निदान काका आणि मामा वेगळे ठेवतो; इथल्या तुझ्या मित्रांना सगळे अंकलच. येयेंना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की कागद घेऊन आपली सगळी नाती लिहूनच बसले.

ते तैवानहून इथे अमेरिकेत शिकायला आले, १९७२ साली. चिनी मजुरांना या देशात यायला १८८२ च्या कायद्याने बंदी होती. ती १९४३ मध्ये उठली, पण वर्षाला फक्त १०५ चिनी माणसांना जागा मिळायची. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. त्याच दारातून येये आले आणि पुढे आपल्यासारखी भारतातली माणसंही. पुढे तीस वर्षं त्यांनी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, आणि समोर सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचा एखादा कण शोधायचा. दर महिन्याला पगारातून घरी पैसे पाठवायचे. वडील गेल्याची तार आली तेव्हा तिकिटाइतके पैसे नव्हते. ते गेले नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, संत्रं सोलता सोलता, आणि पुढे बराच वेळ फक्त सालीच काढत राहिले.

आता तुझा प्रश्न. येयेंचं घराणं तीन पिढ्यांपासून कॅथलिक. पूर्वजांपुढे वाकणं ही पूजा की नुसता आदर, यावर त्यांच्या धर्मात शंभराहून जास्त वर्षं वाद चालला. मातेओ रिची नावाचे जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघातले, धर्मगुरू १५८२ मध्ये चीनला पोचले. त्यांचं म्हणणं होतं, हा आदर आहे, करू द्या. पुढे १७४२ मध्ये पोपने कडक बंदी घातली. ती सैल झाली थेट १९३९ मध्ये. येयेंची आजी त्या बंदीच्या काळातली. तिला सासऱ्यांच्या नावाने उदबत्ती लावता येत नव्हती. म्हणून येये ती न चुकता लावतात, तीन काड्या, तीनदा वाकून. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कधी चुकवत नाहीत, उदबत्तीही नाही. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही, मलाही नाही.

आणि गंमत बघ, हे रिची चीनला जाण्याआधी गोव्यात शिकत होते. त्याच सुमारास, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले. त्यांनी येशूची गोष्ट मराठी ओव्यांत लिहिली, ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली. ज्ञानेश्वरांची ओवी आणि येशूची कथा! पुढे कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तरी अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. धर्म बदलला म्हणून माणसाची भाषा आणि जेवायला वाढायची रीत बदलते असं नाही.

आता आजीचं पान. ते तिच्यापर्यंत पोचतं का, मला खरंच माहीत नाही. तुला खोटं सांगणार नाही. पण २०२० मध्ये ती गेली तेव्हा विमानं बंद होती. तिचे दिवस मी फोनच्या पडद्यावर पाहिले. मामाने फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता, तो दोनदा घसरला आणि मला नुसतं छत दिसत राहिलं. आजीने आयुष्यभर माझं पान स्वतःच्या आधी वाढलं. आधी मीठ, मग लिंबू, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. शाळेतून उशीर झाला तर झाकून ठेवायची. मी वर्षातून एकदा तिचं पान वाढते, त्याच क्रमाने. तेवढा वेळ माझे हात तिच्यासारखे चालतात. म्हणून वाढते. नमस्काराचं माझं माझ्यापाशी, त्यावर आपण पुन्हा बोलू.

यंदा तिची तिथी रविवारी येते. येयेंनी विचारलं, “मी आलो तर चालेल का?” चालेल म्हणजे काय! मिस्सा आटोपून येतील, संत्री तेच आणणार आहेत. तू खिरीसाठी वेलदोडे कुटून दे. रांगोळी मात्र काढू नकोस, त्या दिवशी काढत नाहीत. कावळ्याचं पान मागच्या कुंपणावर ठेवू. गेल्या वर्षी खारीने वडा पळवला तिथे नको, पलीकडे. अळू मिळालं तर आणते. आजीला फार आवडायचं.

तुझी,
आई