कॉलेजात गावावरून पडलेलं नाव मनावर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय, नागपुरात पहिल्या वर्षाला आहात, मुलं नावाऐवजी 'गोंदिया' म्हणून हाक मारतात, मनावर घ्यावं की सोडून द्यावं. घ्या मनावर. मी घेतलं नव्हतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचा. हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच रात्री "पानी द्या जी" म्हणालो. समोरच्या पोरानं ते 'पानी' दहा वेळा म्हणून दाखवलं. आमच्या झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीत, 'ण' नाहीच, तिथं 'न' आहे. त्यात चुकलं काय? पण सकाळपर्यंत मी 'झाड्या' झालो, तो तीन वर्षं. टपरीवरच्या उधारीच्या वहीतसुद्धा तेच. मीही मुकाट ओ देत राहिलो.

दुसऱ्या वर्षी बाबा आले, गणेशपेठच्या स्टँडवरून एचएमटी तांदळाचं चुंगडं खांद्यावर घेऊन. गेटवर त्यांनी माझं पूर्ण नाव सांगितलं. माझ्याच मजल्यावरची चार पोरं येऊन-जाऊन गेली, कोणाला ओळख पटेना. तासभर उभे होते. वडशाचा मुलगा म्हटल्यावर एकजण ओरडला, "अबे, झाड्याचे बाबा!" बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. बसमध्ये चढताना एवढंच विचारलं, "नाव नाही सांगत का रे तू कोनाले?"

माझा रूममेट अजूनही म्हणतो, आम्ही प्रेमानं म्हणायचो. धरमपेठच्या एकाही पोराला कोणी 'धरमपेठ' म्हटलं नाही. शहरातल्याला नाव आणि आमच्याकडच्याला जिल्हा, हे प्रेम नव्हे. मी झाडीपट्टीचा आहे हे छाती काढून सांगतो. दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटकं पाहत वाढलोय. पण ते मी सांगायचं.

तर त्या नावाला ओ देऊ नका, पहिल्या महिन्यातच. नंतर फार जड जातं. जिवलगानं ठेवलेलं आणि तुम्हालाही आवडणारं नाव असेल तर गोष्ट वेगळी. आणि चिडवणं छळावर गेलं तर यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून भाषा, जन्मस्थान, जात यांवरून दिलेला त्रासही येतो. १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते.

मागच्या महिन्यात सीताबर्डीवर रूममेट भेटला. त्याच्या फोनमध्ये मी अजून 'झाड्या वडसा' होतो. समोर बसून बदलायला लावलं. आडनाव त्याला मला विचारावं लागलं.